फेडरेशन कप ते बिली जीन किंग कप : खर्च कोण करणार?

१९६२ साली मेरी हार्डविक हेअर यांनी आंतरराष्ट्रीय लॉन टेनिस महासंघापुढे एक फाइल ठेवली. मेरीबाई मूळच्या ब्रिटिश खेळाडू, पुढे अमेरिकेत स्थायिक झालेल्या. देशोदेशीच्या संघटनांना महिलांची जागतिक सांघिक स्पर्धा हवी आहे, याचे पुरावे त्यांनी त्या फाइलमध्ये गोळा केले होते. महासंघाची मंडळी ज्या प्रश्नाशी येऊन अडत होती, तो जुनाच होता. कल्पना चांगली आहे, पण पैसे कोण घालणार? ही फाइल वाचल्यावर मात्र नकाराला जागा उरली नाही. पुढच्याच वर्षी महासंघाला ५० वर्षे पूर्ण होत होती. सुवर्णमहोत्सवाचे निमित्त साधून स्पर्धा सुरू करायचे ठरले आणि तिला नाव मिळाले फेडरेशन कप.

या निर्णयाला चार दशकांहून अधिक उशीर झाला होता. पुरुषांचा डेव्हिस कप १९०० पासून चालू होता. महिलांसाठीही तसेच काही असावे, ही कल्पना अमेरिकेच्या हेझल हॉचकिस वाइटमन यांनी १९१९ साली मांडली. वाइटमनबाई स्वतः अमेरिकेच्या राष्ट्रीय विजेत्या. त्यांनी चांदीचा चषकही देऊ केला. पण संघांनी समुद्रापार जायचे म्हणजे बोटीचा प्रवास, आठवड्यांचा मुक्काम आणि त्याचा खर्च. महिलांच्या सामन्यांना तेवढे प्रेक्षक येतील, यावर पदाधिकाऱ्यांचा विश्वास नव्हता. शेवटी जागतिक स्पर्धेचे स्वप्न आकसून दोन देशांपुरते उरले. १९२३ साली न्यूयॉर्कच्या फॉरेस्ट हिल्सवर नवे स्टेडियम उभे राहिले. तिथे अमेरिका आणि ब्रिटन यांच्यात पहिला वाइटमन कप झाला आणि अमेरिकेने तो ७-० असा जिंकला. ही लढत १९८९ पर्यंत टिकली. एकूण ६१ लढतींपैकी ५१ अमेरिकेने जिंकल्या आणि ब्रिटनच्या वाट्याला १० आल्या. एवढ्या एकतर्फी स्पर्धेत लोकांचा रस इतकी वर्षे टिकला हेच नवल.

वाइटमनबाईंची मूळ कल्पना पुढे उचलून धरली ती ऑस्ट्रेलियाच्या नेल हॉपमन यांनी. त्यांचे पती हॅरी हॉपमन हे ऑस्ट्रेलियाच्या डेव्हिस कप संघाचे गाजलेले कर्णधार. सांघिक टेनिसमुळे एखाद्या देशात खेळ कसा रुजतो, हे नेलबाईंनी घरातच पाहिले होते. त्यांनी पाठपुरावा केला आणि हेअरबाईंनी पुरावे जमवले. तिन्ही बायका स्वतः कोर्टवर खेळलेल्या होत्या, हे इथे नोंदवायला हवे. महासंघाच्या बैठकांत निर्णय घेणारे जवळजवळ सगळे पुरुष होते.

पहिली स्पर्धा जून १९६३ मध्ये लंडनच्या क्वीन्स क्लबवर झाली. विंबल्डन आठवड्यावर आले होते, त्यामुळे नामवंत खेळाडू लंडनमध्ये होत्याच. वेळ निवडण्यात व्यवहार होता तो हा. १६ देश उतरले. त्यात युरोपचा भरणा होता. बाहेरचे म्हणावेत तर अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका. आशियातला एकही संघ नव्हता. बक्षिसाची रक्कम शून्य. प्रवासाचा, राहण्याचा खर्च ज्याने त्याने करायचा.

पद्धत सुटसुटीत होती. प्रत्येक लढतीत दोन एकेरी आणि एक दुहेरी, तीनपैकी दोन जिंकणारा पुढे, हरणारा घरी. एका आठवड्यात, एकाच ठिकाणी सगळा निकाल. अंतिम फेरीत अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया समोरासमोर आले. मार्गारेट स्मिथने डार्लीन हार्डला सहज हरवले. १९ वर्षांच्या बिली जीन मॉफिटने पहिला सेट गमावल्यावर लेस्ली टर्नरला नमवून बरोबरी साधली. दुहेरीत हार्ड आणि मॉफिट या जोडीने पहिला सेट ३-६ असा घालवला. टायब्रेकर तेव्हा अस्तित्वात नव्हता. दुसरा सेट लांबत लांबत १३-११ वर संपला आणि तिसरा ६-३. चषक अमेरिकेचा झाला. चष्मा लावून नेटजवळ बेधडक खेळणारी ही मुलगी लग्नानंतर बिली जीन किंग झाली. सत्तावन्न वर्षांनी याच स्पर्धेला तिचे नाव देण्यात आले.

पहिल्या दशकात ऑस्ट्रेलियाचा जोर होता. १९६४ ते १९७४ या काळात त्यांनी सात वेळा चषक नेला. आजवरचे त्यांचे सगळे विजय याच ११ वर्षांतले आहेत. मार्गारेट कोर्ट (लग्नाआधीची स्मिथ), लेस्ली टर्नर, पुढे इव्हॉन गुलागाँग अशी फळी असताना ते साहजिक होते. पण खर्चाचा प्रश्न मिटला नव्हता. १९६५ मध्ये स्पर्धा मेलबर्नच्या कूयाँगला गेली, तर पोहोचले ११ संघ. यजमानपद मिळवणे सोपे होते, पाहुण्यांना तिकीट काढणे अवघड.

आणि काही वेळा पाहुण्यांनी येऊ नये अशीच परिस्थिती असे. १९७२ ची स्पर्धा जोहान्सबर्गच्या एलिस पार्कवर झाली. वर्णभेदी राजवट जोरात होती. यजमान दक्षिण आफ्रिकेने अंतिम फेरीत ब्रिटनला २-१ ने हरवून आपला एकमेव चषक जिंकला. दोन वर्षांनी भारताने डेव्हिस कपच्या अंतिम फेरीत दक्षिण आफ्रिकेशी खेळायला नकार दिला. विजय अमृतराज आणि सहकाऱ्यांच्या हातून जगज्जेतेपद निसटले, पण देशाने भूमिका सोडली नाही. महिलांच्या स्पर्धेत तो प्रसंग १९७६ मध्ये आला. फिलाडेल्फियात दक्षिण आफ्रिका आणि ऱ्होडेशिया खेळणार म्हणून सोव्हिएत संघ, हंगेरी आणि गतविजेता चेकोस्लोव्हाकिया यांच्यासह काही संघांनी ऐन वेळी माघार घेतली. गतविजेत्याविना स्पर्धा पार पडली.

त्याच १९७६ साली आणखी एक गोष्ट घडली आणि इतिहासाच्या दृष्टीने तीच जास्त महत्त्वाची ठरली. कोलगेट कंपनी प्रायोजक म्हणून आली. पहिल्यांदाच बक्षिसाला पैसे मिळाले. हे एकाएकी घडले नव्हते. १९७० मध्ये बिली जीन किंग आणि तिच्यासह आठ खेळाडूंनी एक डॉलरचा करार सही करून महिलांचे वेगळे व्यावसायिक सामने सुरू केले होते. १९७३ मध्ये महिला टेनिस संघटना, म्हणजे डब्ल्यूटीए, स्थापन झाली. महिलांचे टेनिस विकले जाते हे तोवर बाजाराला कळले होते. महासंघालाही मग कळले. १९८१ मध्ये जपानची एनईसी कंपनी आली आणि १९९४ पर्यंत टिकली. टोकियो, साओ पावलो, नागोया, व्हँकुव्हर अशी ठिकाणे यजमानांच्या यादीत दिसतात, त्यामागे या पैशाचा मोठा हात आहे.

१९७६ ते १९८२ अशी सलग सात वर्षे अमेरिका जिंकत राहिली. त्यातला मोठा वाटा ख्रिस एव्हर्टचा. या स्पर्धेत एकेरीचे ४२ सामने खेळून तिने फक्त दोन गमावले.

मग प्राग.

मार्टिना नवरातिलोव्हा ही प्रागची मुलगी. १९७५ च्या मे महिन्यात फ्रान्समधल्या एक्स-आं-प्रोव्हान्सला चेकोस्लोव्हाकियाने पहिल्यांदा हा चषक जिंकला, तेव्हा संघाची मुख्य ताकद तीच होती; वय १८. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकन ओपनच्या वेळी तिने अमेरिकेत आश्रय मागितला. मायदेशी परतायची वाट बंद झाली. १९८१ मध्ये तिला अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले आणि पुढच्याच वर्षी ती अमेरिकेकडून हा चषक जिंकली. दोन वेगवेगळ्या देशांकडून तो जिंकणारी ती पहिली खेळाडू.

१९८६ ची स्पर्धा प्रागला ठरली. व्ल्टाव्हा नदीतल्या श्ट्वानित्से बेटावर नवे स्टेडियम बांधले गेले. चेकोस्लोव्हाकिया सलग तीन वर्षांचा विजेता होता. हाना मांडलिकोव्हा आणि हेलेना सुकोव्हा ऐन बहरात होत्या. आणि अमेरिकेच्या संघात मार्टिना होती. देश सोडल्यानंतर ती पहिल्यांदाच प्रागला येत होती, तेही पाहुण्या संघाचा पोशाख घालून. सरकारी माध्यमांनी तिचे नाव शक्य तेवढे टाळले. प्रेक्षकांनी मात्र टाळ्यांत हात आखडता घेतला नाही. स्वतःच्या देशाच्या संघाविरुद्ध खेळणाऱ्या खेळाडूला घरचे लोक उचलून धरतात, असे दृश्य सांघिक स्पर्धेत सहसा दिसत नाही. अंतिम फेरीत एव्हर्टने सुकोव्हाला आणि मार्टिनाने मांडलिकोव्हाला हरवले. दुहेरीही अमेरिकेनेच घेतली, निकाल ३-०. समारोपाच्या वेळी मार्टिनाच्या डोळ्यांत पाणी होते. या स्पर्धेच्या साठ-बासष्ट वर्षांतला एकच आठवडा निवडायचा झाला, तर तो हाच.

पुढच्या वर्षी व्हँकुव्हरला अमेरिकेचा डाव उलटला. अंतिम फेरीत पश्चिम जर्मनीशी १-१ अशी बरोबरी झाली होती. दुहेरीत एव्हर्ट आणि पॅम श्रायव्हर यांनी पहिला सेट ६-१ घेतला, दुसऱ्यात ४-० ने पुढे गेल्या. तिथून स्टेफी ग्राफ आणि क्लॉडिया कोडे-किल्श यांनी सामना ओढून आणला : १-६, ७-५, ६-४. जर्मनीचा हा पहिला चषक. ग्राफची एकेरी तेव्हा जवळपास कुणालाच रोखता येत नव्हती, पण चषक एकेरीने मिळाला नाही. या स्पर्धेची खरी गंमत तिथेच आहे. जगातली पहिल्या क्रमांकाची खेळाडू संघात असूनही निकाल दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूवर किंवा दुहेरीच्या जोडीवर येऊन ठेपतो.

स्पेनने नव्वदच्या दशकात हेच सूत्र पक्के केले. अरांता सांचेझ व्हिकारिओ आणि कोंचिता मार्टिनेझ या दोघींनी एकेरीही खेळायची आणि दुहेरीही. १९९१ ते १९९८ या काळात पाच विजेतेपदे त्यांनी मिळवली. शेवटचे जिनिव्हात, मार्टिना हिंगिसच्या घरच्या प्रेक्षकांसमोर, ३-२ असे, निर्णायक दुहेरी जिंकून.

एव्हाना स्पर्धेचा आकारच तिला जड होऊ लागला होता. १९९४ मध्ये ७३ देशांनी भाग घेतला. एवढ्या संघांना एका शहरात एका आठवड्यात खेळवणे शक्य नव्हते म्हणून १९९२ पासून विभागीय पात्रता फेऱ्या सुरू झाल्या होत्याच. १९९५ मध्ये मोठा बदल झाला. नाव आटोपशीर होऊन फेड कप झाले आणि डेव्हिस कपप्रमाणे दोन देशांची लढत त्यांपैकी एकाच्या घरी होऊ लागली. चार एकेरी, एक दुहेरी. यामागे तिकिटांचा हिशेब होता. फ्रँकफर्टच्या तटस्थ कोर्टवर दोन परक्या संघांचा सामना बघायला कोण येणार? तोच व्हॅलेन्सियात स्पेनचा सामना असेल तर स्टेडियम भरते.

हे गणित बऱ्याच अंशी बरोबर ठरले. २००४ मध्ये मॉस्कोत अनास्तासिया मिस्किनाने फ्रान्सविरुद्ध दोन्ही एकेरी आणि वेरा झ्वोनारेव्हासह दुहेरी असे तिन्ही गुण मिळवून दिले आणि रशियाने पहिला चषक जिंकला. पेत्रा क्विटोव्हाच्या चेक संघाने २०११ ते २०१८ या आठ वर्षांत सहा चषक जिंकले. प्रागचे बंदिस्त स्टेडियम त्या काळात पाहुण्या संघांना धडकी भरवणारे होते. २०१६ मध्ये मॉस्कोलाच नेदरलँड्सच्या रिशेल होगेनकांपने स्वेतलाना कुझनेत्सोव्हाला हरवायला चार तास घेतले, तिसरा सेट १०-८. २०१९ मध्ये पर्थला ॲशली बार्टी जगात अव्वल असताना ऑस्ट्रेलिया अंतिम फेरीत पोहोचला. फ्रान्सच्या क्रिस्टिना म्लादेनोविचने बार्टीला एकेरीत हरवले आणि नंतर कॅरोलिन गार्सियाच्या साथीने दुहेरीतही. निकाल फ्रान्सच्या बाजूने ३-२.

नामवंत खेळाडू मात्र दरवर्षी येत नसत. डब्ल्यूटीएच्या स्पर्धांचे वेळापत्रक भरगच्च, आणि देशासाठी खेळून मानांकनाचे गुण मिळत नसत किंवा फारसे मिळत नसत. ऑलिंपिकला पात्र व्हायचे तर देशाच्या संघासाठी ठरावीक वेळा उपलब्ध राहावे लागते, या नियमाने बऱ्याच जणींना आणले. देशप्रेम आणि नियम यांचा वाटा कुठे किती, याचा हिशेब मांडणे अवघड आहे.

२०१९ मध्ये महासंघाने पुन्हा पत्ते पिसले. १२ संघांची अंतिम फेरी एकाच शहरात आणि एकूण १ कोटी ८० लाख डॉलरचा निधी, त्यातले १ कोटी २० लाख खेळाडूंना. महिलांच्या कोणत्याही वार्षिक सांघिक स्पर्धेतली ही सर्वांत मोठी रक्कम असल्याचे तेव्हा जाहीर झाले. १९६३ मध्ये स्वतःच्या खर्चाने आलेल्या संघांच्या पार्श्वभूमीवर हा आकडा वाचायला हवा. सप्टेंबर २०२० मध्ये स्पर्धेला बिली जीन किंग यांचे नाव मिळाले. खेळाडू किंवा कर्णधार म्हणून त्यांनी हा चषक दहा वेळा जिंकला आहे. दरवर्षी होणाऱ्या एखाद्या मोठ्या जागतिक सांघिक स्पर्धेला स्त्रीचे नाव मिळण्याची ही पहिलीच वेळ.

नव्या पद्धतीची पहिली अंतिम फेरी बुडापेस्टला ठरली होती; करोनाने ते नियोजन उधळले. ती नोव्हेंबर २०२१ मध्ये प्रागला झाली आणि रशिया जिंकला. त्यानंतर युक्रेनवरील आक्रमणामुळे रशिया स्पर्धेबाहेर गेला. २०२२ ला ग्लासगोत स्वित्झर्लंड, २०२३ ला सेव्हिलमध्ये कॅनडा असे नवे विजेते मिळाले. पैसा आला तरी तारखांचा घोळ राहिला. डब्ल्यूटीएची वर्षअखेरची स्पर्धा एका खंडात संपायची आणि लगेच दुसऱ्या खंडात ही सुरू व्हायची. जगात अव्वल असलेल्या इगा श्विऑनटेकने २०२२ मध्ये याच कारणाने ग्लासगोला यायचे नाकारले. २०२४ मध्ये मालागाला ती खेळली, पोलंड उपांत्य फेरीपर्यंत गेला. पण त्याच शहरात त्याच आठवड्यात डेव्हिस कप होता आणि रफाएल नदालची निवृत्ती होती. जस्मिन पाओलिनीच्या इटलीने स्लोव्हाकियाला हरवून चषक जिंकला, त्या बातमीला मथळ्यात जागा कमीच मिळाली. २०२५ मध्ये स्पर्धा सप्टेंबरात, चीनच्या शेंझेनला, आठ संघांची करण्यात आली. इटलीने अमेरिकेला २-० ने हरवून चषक राखला.

भारताचे काय? मुंबईच्या लीला राव यांनी १९३४ सालीच विंबल्डनवर सामना जिंकला होता. त्यांच्या आई पंडिता क्षमा राव याही टेनिसपटू आणि संस्कृत लेखिका. वारसा होता, संघ नव्हता. भारताचा महिला संघ या स्पर्धेत पहिल्यांदा उतरला १९९१ मध्ये. पुढच्या वर्षापासून विभागीय फेऱ्या सुरू झाल्या आणि भारताची लढाई आशिया-ओशनिया गटात होऊ लागली. निरुपमा वैद्यनाथन, मग सानिया मिर्झा, मग अंकिता रैना अशी खेळाडूंची साखळी राहिली. राधिका तुळपुळे यांच्यासारख्या महाराष्ट्राच्या खेळाडूही संघात आल्या. गट एक आणि गट दोन यांत वर-खाली होत वर्षे गेली. २०१५ मध्ये हैदराबादला भारताने गट एकमध्ये बढती मिळवली, तेव्हा सानिया नुकतीच दुहेरीत जगात पहिल्या क्रमांकावर पोहोचली होती. २०१८ मध्ये दिल्लीला अंकिताने कझाकस्तानच्या युलिया पुतिन्त्सेव्हाला हरवले.

पहिले मोठे यश मार्च २०२० मधले. चीनमध्ये व्हायची स्पर्धा करोनामुळे हलत हलत दुबईला आली. विशाल उप्पल कर्णधार. चार वर्षांनी संघात परतलेल्या सानियासोबत तिचा लहान मुलगाही होता. भारताने पाचपैकी चार लढती जिंकल्या. शेवटच्या लढतीत इंडोनेशियाविरुद्ध श्रीरामपूरच्या ऋतुजा भोसलेने पहिली एकेरी गमावली. अंकिताने दुसरी जिंकली आणि सानिया-अंकिता जोडीने दुहेरी. भारत पहिल्यांदाच जागतिक प्लेऑफला पोहोचला. सानियाला त्या वर्षीचा फेड कप हार्ट पुरस्कार मिळाला. हा मान मिळालेली ती पहिली भारतीय. बक्षिसाचे दोन हजार डॉलर तिने तेलंगणाच्या मुख्यमंत्री सहायता निधीला दिले. एप्रिल २०२१ मधली प्लेऑफ लॅटव्हियात युर्मालाला झाली. येलेना ओस्टापेंकोने अंकिताला तिसऱ्या सेटमध्ये ७-५ ने रोखले आणि भारत ३-१ ने हरला.

एप्रिल २०२५ मध्ये आशिया-ओशनियाचा पहिला गट पुण्यात आला. बालेवाडीच्या ज्या कोर्टवर टाटा ओपन रंगत असे, तिथे न्यूझीलंड, थायलंड, हाँगकाँग, चायनीज तैपेई आणि दक्षिण कोरिया हे पाहुणे संघ. वैशाखाआधीचे ऊन, त्यामुळे संध्याकाळचे सामने जास्त गर्दीचे. संघात अंकिता होती, सहजा यमलपल्ली होती आणि दुहेरीसाठी बार्शीची प्रार्थना ठोंबरे. पण आठवडा गाजवला तो हैदराबादच्या श्रीवल्ली रश्मिका भामिदिपतीने; तिने एकेरीत एकही सामना गमावला नाही. न्यूझीलंडविरुद्धची लढत भारत हरला, बाकीच्या चारही २-१ ने जिंकल्या. प्रत्येक निकालात एकच सामना इकडचा तिकडे झाला असता तर चित्र बदलले असते. न्यूझीलंड पहिला, भारत दुसरा, आणि दुसऱ्यांदा प्लेऑफ. ती नोव्हेंबरमध्ये बंगळुरूला झाली. स्लोव्हेनिया आणि नेदरलँड्स यांच्याशी गाठ होती. गटातून पात्रता फेरीत गेला स्लोव्हेनिया.